स्प्रिंग कधी कडक होत नाही

"दादा, ही मागची स्प्रिंग पार कडक झालीय बघ. दगडावरून गेलो की लाथ मारते. बदलूनच टाक एकदाची."

एवढं बोलून टॉवरने गाडी थेट आत आणली, तीही नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून, चिखलाने बरबटलेल्या चाकांसकट. मिलीमीटर खाली बसून एक झाकण घासत होता. त्याने आधी फरशीकडे पाहिलं, मग चाकांकडे, मग भावाकडे, आणि भावाकडे पाहायला त्याला मान बरीच वर करावी लागली.

ही दोन्ही नावं गावाने दिलेली. थोरला मिलीमीटर, कारण त्याच्या खिशात मोजपट्टी नसेल तर त्याला अंगात सदरा नसल्यासारखं वाटायचं. आणि धाकटा टॉवर, कारण एक तर सहा फूट दोन इंच उंची, आणि त्यात नोकरीही मोबाइलच्या टॉवरची. डोंगरमाथ्यावरचे सात टॉवर त्याच्याकडे होते. वाटा सगळ्या दगडगोट्यांच्या, म्हणून कंपनीने नाही तर त्याने स्वतःच ही डर्ट बाइक घेतलेली. मातीत, खडकात पळवायची उंच गाडी. त्याच्या पायांना ती शोभायची.

मिलीमीटर इतर दुरुस्तीही करायचा, पण त्याचं नाव होतं ते धक्के झेलणाऱ्या मागच्या शॉकसाठी. डर्ट बाइकच्या मागच्या शॉकची स्प्रिंग माणसाच्या वजनाला बेतलेली असावी लागते. हलक्या माणसाला जड स्प्रिंग दिली की गाडी त्याला उडवते, जड माणसाला हलकी दिली की गाडी पार खाली बसते. हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण मिलीमीटरचा नियम असा, की गिऱ्हाइकाने तोंडाने सांगितलेलं वजन तो मुळीच धरायचा नाही. माणूस वयाबद्दल एकवेळ खरं बोलेल, वजनाबद्दल बोलणार नाही, असं त्याचं म्हणणं. कोपऱ्यात पोती तोलायचा जुना काटा होता. बूट, जॅकेट, हेल्मेट, सगळं घालून त्यावर उभं राहायचं, मग गाडीवर बसायचं, मग हा मोजणार. बारके लोक दोन किलो वाढवून सांगायचे, जाडे आठ किलो कमी करायचे, आणि काट्यावर चढले की दोघेही सारखेच ओशाळायचे.

या नियमातून सुटलेला जगात एकच माणूस होता, तो म्हणजे हा धाकटा. चार वर्षांपूर्वी गाडी घेतली तेव्हा त्याला एकदा तोललं होतं. सगळं धरून ब्याण्णव. साडेपाचची, म्हणजे एक मिलीमीटर दबायला साडेपाच किलो लागणारी स्प्रिंग घातली, बसल्यावर गाडी एकशे तीन मिलीमीटर दबेल अशी रिंग लावली, संपला विषय. घरच्या माणसाला पुन्हा पुन्हा काय मोजायचं? तो एवढासा होता तेव्हापासून मिलीमीटरने त्याला वाढवलेला. वडील गेले तेव्हा धाकटा नऊ वर्षांचा आणि हा एकोणीसचा. याने पुढे लग्नही केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणायचा, वेळ मिळाला नाही.

"कडक झालीय म्हणे," मिलीमीटर पुटपुटला. "गेल्या खेपेला सैल करून दिली ना रे?"

"दिलीस. तरी लागतेच."

गेली खेप, त्याच्या आधीची खेप, आणि त्याच्याही आधीची. सात महिन्यांत हे चौथं गाऱ्हाणं. तिन्ही वेळा मिलीमीटरने पट्टी न काढताच, हातातलं काम तसंच ठेवून, स्प्रिंगवरची रिंग अर्धा आटा सैल केली होती आणि वर दोन शब्द सुनावले होते. वय झालं तुझं, कंबर तुझी धरते आणि नाव गाडीचं घेतोस. टॉवर हसायचा आणि जायचा.

आजही त्याने तेच करायचं ठरवलं. आकडीचा पाना घेतला, वाकला, रिंगला लावला, आणि थांबला. रिंग बोटाने फिरत होती. स्प्रिंगही बोटाने फिरत होती, तिच्या जागेत चक्क खुळखुळत होती. आता सैल करायला जागाच उरली नव्हती.

"बस बघू," तो म्हणाला आणि खिशातून पट्टी काढली.

गाडी स्टँडवर चढवून त्याने आधी चाक अधांतरी असतानाचं माप घेतलं, आसापासून वरच्या खुणेपर्यंत. मग गाडी खाली उतरवली. टॉवर बसला, भिंतीला एक कोपर टेकवून, दोन्ही पाय वर घेऊन. मिलीमीटरने माप घेतलं, वजाबाकी केली. एकशे तीन यायला हवे होते. रिंग एवढी सैल असताना एकशे दहाच्याही पुढे जायला हवे होते. आले नव्वद.

त्याने भावाला नीट बसायला सांगितलं. पुन्हा नव्वद. भिंतीवर भार टाकू नकोस म्हणाला. पुन्हा नव्वद. मग त्याने पट्टीवर अविश्वास दाखवला आणि दुसरी पट्टी आणली. असा अविश्वास त्याने उभ्या जन्मात दाखवला नव्हता. दुसरी पट्टी पहिलीची सख्खी बहीण निघाली. मग खालच्या जोडाचा बेअरिंग अडकला असेल, असं म्हणून तो गाडी खोलायला बसला. टॉवर बाजूच्या डब्यावर बसून राहिला. एरवी हा माणूस गॅरेजमध्ये आला की हात लावल्याशिवाय राहायचा नाही, नट उडवायचा, शिव्या खायचा. आज जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावून गप्प बसला होता. बाहेर ऊन होतं.

सीट काढली. सीटखाली एक प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद निघाला. गाडीचे कागद असतील म्हणून मिलीमीटरने तो नटांच्या ताटलीशेजारी ठेवला. वरचा बोल्ट, खालचा बोल्ट, शॉक हातात आला. बेअरिंग लोण्यासारखा फिरत होता. सगळं ठीक होतं, आणि हेच त्याला खटकायला लागलं. आता राहिली स्प्रिंग. त्याने कडी काढली, स्प्रिंग सोडवली आणि दाबयंत्राखाली धरली. एका मिलीमीटरला किती किलो लागतात ते काट्यावर दिसतं. साडेपाचची स्प्रिंग होती, आणि आता साडेपाचलाही केसभर कमीच भरत होती. चार वर्षं दगडधोंड्यांवर आपटून ती थकली होती, थोडी मऊ झाली होती. बरोबरच आहे. सगळ्या स्प्रिंगा तशाच होतात.

मिलीमीटरचा हात दाबयंत्राच्या दांड्यावर तसाच राहिला. चाळीस वर्षं तो लोकांना एक गोष्ट सांगत आला होता, की स्प्रिंग कधी कडक होत नाही. ती थकते, बसते, मोडते, पण कडक होत नाही. मग गाडी कडक लागते कशी? गिऱ्हाइकाला तो यावर हसत हसत म्हणायचा, साहेब, तुम्ही बारीक झालात, पार्टी द्या.

त्याने मागे वळून पाहिलं, आणि बहुधा वर्षभरात पहिल्यांदाच नीट पाहिलं. जॅकेटचे खांदे खाली ओघळले होते. मनगट बाहीत असं दिसत होतं, की दुसऱ्या कुणाची बाही घातली असावी. गालफडं बसलेली. हे सगळं रोज डोळ्यासमोर होतं की रे देवा, आणि या शहाण्याने ते पाहिलं नाही. कारण त्यावर पट्टी लावली नव्हती.

दोन महिन्यांपूर्वी टॉवरची बायको येऊन गेली होती. दारात उभी राहून म्हणाली होती, भावोजी, हे जेवत नाहीत हो नीट, कपडे लोंबायला लागलेत अंगावर. तेव्हा मिलीमीटरने स्क्रू आवळता आवळता उत्तर दिलं होतं, की डोळ्यांनी मोजलेलं मी मानत नाही, आणि टॉवर चढून-उतरून कोण जाड झालंय आजवर? ती तशीच परत गेली होती. ते आता त्याला आठवलं आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"काट्यावर चढ," तो म्हणाला.

"मी काय पोतं आहे?"

"चढ म्हणतो ना."

टॉवर उठला. काट्याकडे जाताना त्याने एक-दोन विनोद करून पाहिले, ते कुणी उचलले नाहीत. चढला. बूट, जॅकेट, हेल्मेट धरून सत्त्याहत्तर. पंधरा किलो गेले होते. तीन वेळा मिळून दीड आटा. भाऊ झिजत होता आणि हा आपल्या हाताने रिंग सैल करत करत त्याच्या मागून चालला होता, वर त्यालाच बोलत होता.

"कधीपासून?" मिलीमीटरने विचारलं.

टॉवर काट्यावरून उतरला, डब्यावर बसला, आणि ताटलीशेजारच्या पिशवीकडे बोट दाखवलं. ते गाडीचे कागद नव्हते. सहा महिन्यांपूर्वी कंपनीच्या डॉक्टरने दिलेली चिठ्ठी होती. रक्त तपासून घ्या, पोटाचा फोटो काढा, मोठ्या दवाखान्यात ताबडतोब दाखवा. त्यातल्या 'ताबडतोब'खाली रेघ होती. एवढे दिवस तो त्या चिठ्ठीवर बसून डोंगर चढत होता.

"मला सत्तेचाळिसावं लागलंय, दादा," टॉवर म्हणाला. "बाबा सत्तेचाळीसचेच होते. दवाखान्यात चालत आत गेले होते ते. मला आठवतंय, हात हलवला होता त्यांनी."

मिलीमीटरलाही आठवत होतं. काहीतरी समजुतीचं बोलावं असं त्याला फार वाटलं, पण असली वाक्यं त्याला कधी जमली नव्हती. तो नुसताच उभा राहिला, हातात स्प्रिंग घेऊन.

मग टॉवरने खरं काय ते सांगितलं. त्याला फक्त मऊ स्प्रिंग हवी होती. गाडी आवरत नाही आता, दगडावर उडवते, हात भरून येतात. मऊ स्प्रिंग घातली की पूर्वीसारखा जाता येईल, टॉवर चढता येईल, कुणाच्या काही लक्षात येणार नाही. घरी सांगायचं नाही. पुढचं पुढे बघू. एवढं एक काम दादाने करावं. आणि हे तो अशा सुरात बोलला, ज्या सुरात लहानपणी फुटलेली पाटी लपवून ठेव म्हणायचा.

पाचची स्प्रिंग मांडणीवर होती. दुसऱ्या फळीवर, डावीकडून तिसरी. अर्ध्या तासाचं काम. ती घातली की भाऊ हसत जाणार होता, आणि सगळं उत्तम चाललंय असं वाटायला लावणाऱ्या त्या गाडीवर बसून आणखी सहा महिने काढणार होता. नाही घातली तर रुसणार होता, कदाचित कायमचा. मिलीमीटरने आयुष्यात या पोराला नाही म्हटलेलं फारसं आठवत नव्हतं.

"उद्या सकाळी दवाखान्यात चल. मग घालतो," तो म्हणाला.

"नाही येणार."

"नाही?"

"नाही म्हणजे नाही. तू घालत नसशील तर जुनी लाव. तशीच नेतो."

मिलीमीटरने मान हलवली. मग उघडा शॉक एका काखेत मारला, जुनी स्प्रिंग दुसऱ्या काखेत, आणि चपला घालून चालू लागला. मागे गाडी मधोमध मोकळी, स्टँडवर उभी. तिला आता बापजन्मी कुणी नेऊ शकत नव्हतं. टॉवर दारापर्यंत धावला, हाका मारल्या, आणि मग त्या जड बुटांनी ढांगा टाकत मागून निघाला. पूर्वी चार ढांगांत गाठलं असतं. आता दोन कोपरे झाले तरी गाठता येईना, आणि मिलीमीटरने पुढून त्याची धाप ऐकली. त्याचा जीव तुटला, तरी तो थांबला नाही. थांबला असता तर परत फिरला असता.

टॉवरची बायको घराबाहेर कपडे वाळत घालत होती. दीर काखेत लोखंड घेऊन येताना पाहून तिने हातातला सदरा बादलीत ठेवला. मिलीमीटर तिच्यासमोर उभा राहिला. वाटेत त्याने वाक्य तयार केलं होतं, ते विसरला.

"तू सांगितलंस ते बरोबर होतं," तो म्हणाला. "मी मानलं नाही. चुकलं माझं. पंधरा किलो उतरलाय तो."

तिला नवल वाटल्याचं काही दिसलं नाही. तिने ओले हात पदराला पुसले.

"मला किलो कळत नाहीत, भावोजी," ती म्हणाली. "पण त्यांच्या कमरेच्या पट्ट्याला मी पाच भोकं पाडलीत खिळ्याने. दर वेळी ते म्हणायचे, कातडं ताणलंय. मीही म्हणायची, हो, ताणलंय."

एवढं बोलून ती रडली. आवाज न करता, उभ्याउभ्या. तेवढ्यात टॉवर फाटकाशी येऊन पोहोचला. फाटकाला धरून त्याने श्वास घेतला, एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा भावाकडे. आता ज्याच्यापासून लपवावं असं कुणी उरलंच नव्हतं. तो पायरीवर बसला.

"उद्या मीही येणार," बायको म्हणाली. त्यावर त्याने नाही म्हटलं नाही.

मिलीमीटर गॅरेजवर परतला आणि पाचची स्प्रिंग काढली. आता ती घालायला हरकत नव्हती. शॉकचा दांडा पुसला, स्प्रिंग चढवली, कडी बसवली, रिंग हाताने घट्ट करून मग पान्याने मोजून आटे दिले. शॉक गाडीत बसवला, बोल्ट आवळले, सीट लावली. संध्याकाळी टॉवर आला, गाडीवर बसला. एकशे सहा. रिंग पाऊण आटा आवळली. एकशे तीन. टॉवरने बसल्याबसल्या दोन हिसके देऊन पाहिले, गाडी खाली गेली आणि सावकाश वर आली.

"आता कशी," तो म्हणाला. त्याला बरं वाटलं होतं, ते तोंडावर दिसत होतं. मिलीमीटर पाठमोरा होऊन हत्यारं लावत बसला. आयुष्यात इतकं अचूक काम करून त्याला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

सकाळी टॉवर त्याच गाडीवर पुढे, आणि मागे स्कूटरवर मिलीमीटर, त्याच्या पाठीमागे भावजय मांडीवर पिशवी घेऊन. दवाखान्याकडे जाणारा रस्ता उखडलेला होता. मिलीमीटरची नजर पुढच्या गाडीच्या मागच्या चाकावरून हलत नव्हती. खड्डा आला की चाक आत जायचं, वर यायचं, आणि वरचा माणूस जागचा हलायचाही नाही. झकास चालली होती गाडी. भावजयीने मागून विचारलं, काय झालं, तर डोळ्यात धूळ गेली म्हणाला.

दवाखान्यात रांग होती. त्यांचा नंबर आला तेव्हा टेबलामागच्या नर्सबाईंनी चिठ्ठी वाचली, रेघ पाहिली, आणि वर न बघता विचारायला सुरुवात केली. वय सांगितलं. काम सांगितलं. दुखतं कुठे ते सांगितलं, हळू आवाजात.

"वजन?"

"ब्याण्णव," टॉवर म्हणाला. हे मात्र मोठ्याने, आधीच्या उत्तरांपेक्षा कितीतरी मोठ्याने, रांगेतल्या लोकांनीही ऐकावं असं.

नर्सबाईंनी वर पाहिलं. त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्यासोबतच्या दोघांकडे. भावजयीने मान खाली घातली. टॉवर समोरच्या भिंतीकडे पाहत ताठ उभा होता.

मिलीमीटर पुढे आला आणि गुडघे टेकून भावाच्या पायाशी बसला. साठीला टेकलेला माणूस, सावकाश बसला. एका बुटाच्या नाड्या सोडल्या, टाच धरून बूट काढला. मग दुसरा. टॉवरने तोल जाऊ नये म्हणून त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

"चल," मिलीमीटर म्हणाला.

टॉवर मोज्यांवर चालत काट्यापर्यंत गेला आणि चढला. नर्सबाई वाकल्या, आकडा पाहिला, कागदावर लिहिला. मिलीमीटर दोन्ही बूट छातीशी धरून मागे उभा होता. तिथून काटा स्पष्ट दिसत होता. तो भावाच्या पाठीकडे पाहत राहिला, आकड्याकडे त्याने पाहिलं नाही.